पुण्याच्या पंपरूममध्ये बेवारस जहाज: विज्ञान-भयपटाची शॉर्टफिल्म कशी करावी

३१ जुलै २०११, रविवार. मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर एक तेलवाहू जहाज येऊन रुतलं. नाव 'पवित'. वर एकही माणूस नाही. महिनाभर आधी ओमानच्या बाजूला ते बिघडलं, तेव्हा त्यावरच्या १३ खलाशांना ब्रिटिश नौदलाने वाचवलं होतं, आणि जहाज बुडालं असणार असंच सगळे धरून चालले होते. ते बुडालं नव्हतं. ऐन पावसाळ्यातला अरबी समुद्र ओलांडून, सगळ्यांची नजर चुकवून ते एकटंच मुंबईला आलं.

त्या बातमीतला मधला महिना माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. ते तीस दिवस त्या जहाजाच्या आत काय चालू होतं आणि काय बंद होतं? बेवारस जहाजावरच्या विज्ञान-भयपटांचा सगळा जीव या प्रश्नात आहे. राक्षस, शेपट्या, रक्ताची डबकी नंतर येतात. खरी भीती अशी असते की जे एव्हाना थांबायला हवं होतं ते थांबलेलं नाही.

आम्ही चौघांनी मिळून अशी बारा मिनिटांची शॉर्टफिल्म पुण्यात केली. समुद्र एकदाही दाखवला नाही. पुण्यात समुद्र नाही ही अडचण मला कधीच खरी वाटली नाही. १९३६ साली 'अमरज्योती'मध्ये दुर्गा खोटे समुद्री चाच्यांची म्होरकी झाल्या, तो चित्रपट पुण्याच्या प्रभातचाच होता. खडकवासल्याच्या जल संशोधन शाळेत १९१६ पासून पाण्याचा अभ्यास चालतो, आणि देशातल्या बंदरांची मॉडेलं करून त्यांत लाटा सोडून बघतात. इंदुरी आणि लोणी काळभोरला मर्चंट नेव्हीची मुलं शिकतात, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर नौदलाचे इंजिनिअर घडतात. जहाज समजून घ्यायला पुण्यासारखं गाव नाही. कामाला कसं लागायचं ते आमच्या अनुभवावरून सांगतो.

आधी जहाज मरतं कसं ते शिका

पटकथेला हात लावण्यापूर्वी एक तक्ता करा. माणसं उतरून गेल्यावर जहाजावरची कोणती गोष्ट कधी बंद पडते, एवढंच त्यात लिहायचं. आमच्या भिंतीवर हा तक्ता चार महिने चिकटवलेला होता आणि निम्मी पटकथा त्यातूनच आली.

मुख्य जनरेटर बंद पडले की आणीबाणीचा छोटा जनरेटर सुरू होतो. तो मुद्दाम वरच्या डेकवर, मुख्य इंजिन रूमच्या बाहेर ठेवलेला असतो. मालवाहू जहाजावर त्याच्या जिवावर किमान १८ तास, प्रवासी जहाजावर ३६ तास आणीबाणीचे दिवे चालावेत असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यानंतर काळोख. तुमची पात्रं दहाव्या दिवशी त्या जहाजावर चढत असतील आणि पॅसेजमध्ये ट्यूब जळताना दिसत असेल, तर ती एक तर तुमची चूक आहे नाहीतर तुमची गोष्ट आहे. कोणती ते तुम्हाला आधी माहीत हवं.

ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीच्या बाहेर एक पिवळी किंवा नारिंगी डबी असते. जहाज बुडू लागलं की पाण्याच्या दाबाने, चार मीटर खोल जायच्या आत ती आपोआप सुटून वर येते आणि ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाला हाक मारत राहते. बॅटरी किमान ४८ तासांची. मग तीही गप्प.

विमानात ब्लॅक बॉक्स असतो तसं जहाजावरही एक यंत्र असतं. ब्रिजवरच्या माइकमधून तिथली सगळी बोलणी ते टिपून ठेवतं. भयपट लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगली भेट कोण देणार? जहाज रिकामं आहे, पण शेवटच्या ४८ तासांचे आवाज एका नारिंगी गोळ्यात बंद आहेत.

आता ज्या यंत्रावर आम्ही अख्खी फिल्म उभी केली ते. रात्री ब्रिजवर पहाऱ्याला असलेला अधिकारी झोपू नये म्हणून तिथे वॉच अलार्म असतो. ३ ते १२ मिनिटांच्या दरम्यान जी वेळ लावली असेल ती भरायच्या आत एक बटण दाबायचं. नाही दाबलं तर ब्रिजवर दिवा लुकलुकतो. १५ सेकंदांनी तिथेच भोंगा वाजतो. आणखी १५ सेकंदांत तो कॅप्टनच्या नाहीतर दुसऱ्या अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये वाजतो. तरी कोणी आलं नाही तर बाकीच्या खलाशांना उठवतो. आमच्या फिल्ममध्ये वीज नसलेल्या, माणसं नसलेल्या जहाजावर दर बारा मिनिटांनी दिवा लुकलुकतो. भोंगा मात्र एकदाही वाजत नाही. म्हणजे कोणीतरी येऊन बटण दाबतंय.

हा प्रसंग रंगवून लिहावा लागला नाही. यंत्र जसं चालतं तसं दाखवलं, एवढंच.

एकच नियम मोडा

भुताची गोष्ट आणि विज्ञान-भयकथा यांत माझ्या मते फरक एवढाच की दुसरीतल्या भयाला शिस्त असते. जगाचा एकच नियम बदला, बाकीचे सगळे काटेकोर पाळा. १९९९ च्या 'व्हायरस'मध्ये विजेच्या रूपातली एक परकी शक्ती रिकाम्या संशोधन जहाजावर ठाण मांडते आणि यंत्रांच्या सुट्या भागांतून स्वतःला शरीर घडवते. फिल्म सगळीकडे जमलेली नाही, पण नियम एक आहे आणि तो पाळलाय: त्या शक्तीला वीज लागते, म्हणून वीज कुठे आहे हे प्रेक्षक पहिल्या अर्ध्या तासातच शोधायला लागतो. २००९ च्या 'ट्रँगल'मध्ये रिकाम्या प्रवासी जहाजावर काळच पुन्हा पुन्हा फिरत राहतो. तिथेही नियम एकच.

तुमचा नियम एका वाक्यात लिहा. वाक्यात 'आणि' आला की समजा दोन नियम झाले, एक काढा. आमचं वाक्य होतं: 'या जहाजावर काम माणसाशिवाय चालू राहतं.' कोण करतं, कशासाठी करतं, हे आम्ही आपापसातसुद्धा ठरवलं नाही. पण कोणतं काम चालू राहील याची यादी मात्र ठरवली होती: पहारा, लॉगबुकची नोंद, भटारखान्यातली भांडी. बाकी काहीही हलायचं नाही.

जेवण अर्धवट टाकून माणसं नाहीशी झालीत, कपातला चहा अजून कोमट आहे, हे चित्र कृपा करून वापरू नका. ते 'मेरी सेलेस्ट' नावाच्या जहाजाच्या नावावर खपवलं जातं. खरी हकीकत वेगळी आहे. डिसेंबर १८७२ मध्ये अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधे ते जहाज रिकामं सापडलं. कॅप्टन, त्याची बायको, लहान मुलगी आणि सात खलाशी अशी दहा माणसं बेपत्ता होती. तळात साडेतीन फूट पाणी होतं, पण जहाज तरंगत होतं. छोटी बोट गायब. अल्कोहोलची पिंपं भरलेली. गरम चहा नंतरच्या लेखकांनी ओतला. जहाजावर सापडली ती नोंदीची पाटी. तिच्यावरची शेवटची तारीख होती २५ नोव्हेंबर. मला ती पाटी चहापेक्षा कितीतरी जास्त घाबरवते. नऊ-दहा दिवस जहाज एकटं चाललंय आणि पाटीवर अक्षर नाही. आता त्या पाटीवर रोजची नोंद असती तर? आमची फिल्म इथूनच सुरू झाली.

शिपवरच्या माणसाला घरी बोलवा

पुण्यात ओळखीपाळखीत एकतरी मुलगा 'शिपवर' असतो. साइन ऑफ होऊन सुट्टीवर आला की त्याला जेवायला बोलवा आणि पटकथा वाचून दाखवा. माझा आतेभाऊ सेकंड इंजिनिअर आहे. त्याने पहिल्याच पानावर विचारलं, "हे लोक वर चढले आणि बोटी मोजल्याच नाहीत?"

रिकामं जहाज दिसलं की दर्यावर्दी आधी बोटी बघतो. बोटी नसतील तर माणसं उतरून गेली. बोटी जागच्या जागी असतील तर मात्र प्रश्न आहे. त्या एका प्रश्नाने आमचा पहिला प्रवेश बदलला (सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम):

"सारंग, बोटी मोजल्यात?"

"दोन्ही जागेवर आहेत, सेकंड साब. राफ्टपण."

"मग माणसं गेली कशातून?"

सारंग काही बोलत नाही. खाली डेककडे बघतो.

शब्दही त्याच्याकडूनच घ्या. आपल्या दर्यावर्दींची स्वतःची जुनी भाषा आहे: सारंग, त्याच्या हाताखालचा टिंडल, सुकाणू धरणारा सुकाणी, स्वयंपाक करणारा भंडारी. चीफ इंजिनिअर म्हणजे 'बडा साब'. सारंग रत्नागिरीकडचा आणि सेकंड इंजिनिअर सदाशिव पेठेतला, असं केलंत तर दोघांच्या बोलण्यातूनच नातं दिसतं, वेगळं सांगावं लागत नाही.

जागा: पंपरूम, जनरेटर, बेसमेंट

'व्हायरस'वाल्यांकडे खरं जहाज होतं. अमेरिकेचं क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जुनं 'व्हॅन्डेनबर्ग' त्यांनी वापरलं. तेच जहाज पुढे मे २००९ मध्ये फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' बेटाजवळ कृत्रिम प्रवाळासाठी मुद्दाम बुडवलं गेलं. आपल्याला तसं जहाज मिळणार नाही, पण तुमच्या सोसायटीची पंपरूम मिळेल. पाइप, व्हॉल्व्ह, दाबाचे काटे, ओली फरशी, कमी उंचीचं छत. फक्त भिंतीचा चुना झाकायचा. भोसरीतला बंद पडलेला वर्कशॉप मिळाला तर सोन्याहून पिवळं. लोखंडी जिना आणि जाळीचा मचाण असेल तिथे इंजिन रूम आयती तयार आहे. नव्या सोसायट्यांतला लांबलचक केबलचा पॅसेज म्हणजे जहाजाचा अलिवे, आतला अरुंद बोळ.

परवानगी तोंडी घेऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरींना तारीख, वेळ, माणसं किती आणि पाणी कधी बंद लागेल हे लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. आम्ही तोंडी बोललो होतो. पहिल्या रात्री दीड वाजता पाण्याचा टँकर आला आणि शूट तिथेच थांबलं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. बेसमेंटमधला सांडपाण्याचा प्रकल्प दिसायला हुबेहूब जहाजासारखा असतो, पण त्याच्या कुठल्याही टाकीत, चेंबरमध्ये, झाकणाखाली कोणालाही उतरवू नका. पाच मिनिटांच्या शॉटसाठीही नाही, दोरी बांधूनही नाही. तिथला विषारी वायू वासाने कळेलच असं नाही, कारण जास्त प्रमाणात असला तर तो आधी नाकाची शुद्धच मारतो.

खऱ्या जहाजावरही याच प्रकाराने माणसं मरतात, आणि कारण ऐकून अंगावर काटा येतो. लोखंड गंजतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन खातं. नांगराच्या साखळीची खोली किंवा रिकामी टाकी महिनोन्‌महिने बंद राहिली की आतला गंज हवा पिऊन टाकतो. बाहेर ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, आत तो कुठवर उतरलाय ते डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही. झाकण उघडून खाली उतरलेला माणूस ओरडायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. भिंतीच श्वास घेतात, हे वाक्य कुठल्याही भयकथेत अलंकारिक वाटेल. बेवारस जहाजावर ते रसायनशास्त्र आहे. याच्यावर एक अख्खी फिल्म करता येईल, आणि कोणीतरी ती करावी अशी माझी फार इच्छा आहे.

एक दार आणि त्याचा गंज

अख्खं जहाज बांधू नका, एक दार बांधा. पाणी अडवणारं जहाजी दार, कोपरे गोल, कडेला घट्ट आवळायच्या मुठी, आणि खाली उंच उंबरठा. हा उंबरठा सगळ्यात महत्त्वाचा. किमान नऊ इंच ठेवा. प्रत्येक वेळी नटाला पाय उचलून ओलांडावा लागला की त्याचं शरीरच आपण जहाजावर आहोत असं मानायला लागतं, आणि प्रेक्षकाचंही. एकच दार जागा बदलून, उलट्या बाजूने, वेगळा नंबर रंगवून आम्ही पाच ठिकाणी वापरलं.

प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, कड्या-बोल्ट बोहरी आळीतून, बाकी सगळं बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारातून. १९७९ च्या 'एलियन'मधल्या अंतराळयानाचा आतला सेट जुन्या विमानांच्या भंगारातून सजवला होता. भंगाराला लाजायचं कारण नाही. जुन्या बाजारात दाबाचे काटे, जाड काचेचे दिवे, बेकेलाइटचे स्विच, टेलिफोनचे रिसीव्हर मिळतात. मात्र सगळं एका काळातलं दिसेल असं निवडा. १९७० चा काटा आणि परवाचा प्लास्टिकचा स्विच एका चौकटीत आले की जहाज मेलं.

पाइपांचे रंग मनाने देऊ नका. जहाजावर त्यांना अर्थ असतो: समुद्राचं पाणी हिरवं, गोडं पाणी निळं, आगीचं लाल, इंधन तपकिरी, वाफ चंदेरी. कोणी बघणार नाही असं वाटतं, पण शिपवरचा एक जरी प्रेक्षक असला तर त्याचा विश्वास तिथेच बसतो.

गंज लाकडावर असा आणा. आधी राखाडी ऑइलपेंटचा हात. वाळला की फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा भुसा आणि वापरलेली, वाळवलेली चहाची पूड कालवून कडांना आणि बोल्टभोवती थापा. त्यावर पाण्यात कालवलेला गेरू, मग ओलसर असतानाच कपड्याने टिपून काढा. शेवटी फक्त फटींत काळपट तपकिरी. खऱ्या लोखंडी पत्र्यावर काही लावायची गरज नाही: व्हिनेगरने पुसा, मग तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मीठ विरघळवून उघड्या हवेत फवारा. बघता बघता नारिंगी होतो. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्यात दुसरं काही साफसफाईचं रसायन मिसळू नका.

गंज कुठे येतो हे बघायला आम्ही रत्नागिरीला मिऱ्याला गेलो. जून २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' तिथे येऊन आदळलं होतं. लांबूनच, किनाऱ्यावरून दुर्बिणीने पाहिलं. तासाभरात जे कळलं ते कुठल्या फोटोत कळलं नव्हतं: गंज पसरत नाही, तो ओघळतो. प्रत्येक ओघळाला उगम असतो, एखादा बोल्ट, पाणी जायचं भोक, वेल्डिंगची शिवण. परत आल्यावर आम्ही दाराचे निम्मे डाग पुसून पुन्हा काढले.

हेलकावा

इथे बहुतेक जण कॅमेरा हातात घेऊन डगमगवतात. ते फार चुकीचं दिसतं, कारण जहाज तसं हलतच नाही. मोठ्या मालवाहू जहाजाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाऊन परत यायला साधारण १० ते २० सेकंद लागतात. इंजिन बंद असलेलं जहाज बहुधा लाटांना आडवं पडतं, म्हणून जास्त कलतं. पण सावकाश.

दुसरं असं की कॅमेराही जहाजावरच आहे. खोली कललेली दिसणार नाही, खोलीबरोबर कॅमेराही कलेल. दिसेल ते फक्त जे मोकळं आहे: टांगलेला दिवा, ग्लासातलं पाणी, उघडं राहिलेलं दार. यासाठी आम्ही चार फुटी प्लायची फळी घेतली, मध्याखाली जाड पाइप ठेवला, फळीच्या एका टोकाला टेबलाचा तुकडा आणि त्यावर स्टीलचा ग्लास, दुसऱ्या टोकाला कॅमेरा, दोन्ही घट्ट आवळून. एकाने टोक दोन इंच वर उचलायचं, दोन इंच खाली सोडायचं, तोंडाने सोळा आकडे मोजत. कॅमेऱ्यातून टेबल स्थिर दिसतं आणि ग्लासातलं पाणी हळूच एका काठाकडे चढतं. पहिल्यांदा मॉनिटरवर ते पाहिलं तेव्हा खोलीतले सगळे गप्प झाले. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर आम्हाला समुद्र दिसला होता.

टांगलेल्या दिव्याला धक्का देऊन सोडू नका. मीटरभर वायरवरचा दिवा दोन सेकंदांत जाऊन परत येतो, ते पाळण्यासारखं दिसतं. सोळा सेकंदांचा झोका आपोआप मिळायला चौसष्ट मीटर वायर लागेल, म्हणजे वीस मजली इमारत. म्हणून मासे पकडायच्या पारदर्शक दोऱ्याने तो हाताने ओढायचा, त्याच मोजणीवर. आणि त्या वेळी नट उलट्या बाजूला किंचित झुकतील एवढं बघायचं. ही मोजणी सेटवर सगळ्यांना पाठ हवी.

आवाज, आणि तो शूटच्या आधी

मी आवाज शूटच्या आधी करतो. सेटवर लहान स्पीकरवर लावून ठेवला की नट आपोआप दबक्या आवाजात बोलायला लागतात. संवाद टिपताना अर्थातच बंद करायचा.

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्रान्सफॉर्मर किंवा जुन्या ट्यूबच्या चोकची गुणगुण १०० हर्ट्‌झची. जहाजावर बहुतेक ६० हर्ट्‌झची वीज असते, म्हणजे तिथली गुणगुण १२०. या दोघांतलं प्रमाण ५ ला ६. गाण्याचा कान असेल तर लगेच कळेल: हा षड्‌जापासून कोमल गंधार. सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण कुंपणाबाहेरून रेकॉर्ड करा आणि सॉफ्टवेअरमध्ये 'सा'वरून कोमल 'ग'वर चढवा, म्हणजे तीन सेमीटोन (अर्धसूर) वर. घर जहाज होतं. फिल्मच्या सुरुवातीला, पात्रं त्यांच्या चालू जहाजावर असताना, हा सूर सतत ठेवा. बेवारस जहाजावर पाऊल ठेवताक्षणी पूर्ण तोडा. प्रेक्षकाला काय गेलं ते सांगता येत नाही, पण कान रिकामे पडतात. आणि नवव्या मिनिटाला, पात्रं तळाशी असताना, तो सूर परत आणा. इतका हळू की सुरू कधी झाला ते कळू नये.

लोखंडाचा आवाज पिंपातून मिळतो. दोनशे लिटरचं रिकामं, स्वच्छ लोखंडी पिंप आडवं ठेवा. ज्यात कधी तेल-रसायन नव्हतं असंच घ्या. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पीएझोची, म्हणजे कंपनं टिपणारी चकती अगदी किरकोळ किमतीत मिळते. ती दोन तारांनी रेकॉर्डरला जोडून पिंपाला चिकटवा. आता पिंपावर नुसती नखाने रेघ ओढा. साखळी सावकाश फिरवा. उन्हात तापलेल्या पिंपावर गार पाणी ओता आणि पत्रा आक्रसताना ऐका. खरं जहाजही दिवसा तापतं, रात्री आक्रसतं आणि कण्हतं. तुम्ही बनवताय ते खोटं नाही.

संवादांसाठी: रेकॉर्ड झालेलं वाक्य पिंपाच्या एका टोकाला लहान स्पीकरवर वाजवा, दुसऱ्या टोकाला माइक धरून पुन्हा रेकॉर्ड करा. मूळ आवाजात याची पाव वाटणी मिसळली की भिंती लोखंडी होतात.

धोक्याचा भोंगा वापरणार असाल तर सात छोटे आणि एक लांब. हा जहाजावरच्या आणीबाणीचा ठरलेला इशारा आहे. आमच्याकडे तो पिंपावर कोणीतरी बोटांनी हळूहळू वाजवतं.

प्रकाश

नियम एकच: प्रत्येक उजेडाला वीज कुठून येते ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. बेवारस जहाजावर ती टॉर्चमधून येते, म्हणून टॉर्चच तुमचा दिवा. दोन ताकदीचे टॉर्च घ्या, समोरच्या भिंतीला पांढरा कागद किंवा थर्माकोल लावून उजेड चेहऱ्यावर परतवा. कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, म्हणजे आपल्या विजेवरची ट्यूब लुकलुकणार नाही. काही एलईडी टॉर्च मंद केले की कॅमेऱ्यात पट्टे येतात, म्हणून विकत घ्यायच्या आधी दुकानातच मोबाइलमधून बघा. धुकट हवेसाठी धूप चालतो, पण पंपरूमचं दार उघडं ठेवून आणि दर वीस मिनिटांनी सगळ्यांना बाहेर काढून. ओल्या फरशीवर एकही एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, आणि ज्या लाइनवर गळती पकडणारा ब्रेकर नाही तिथून वीज घेऊच नका.

वॉच अलार्मचा दिवा आम्ही तपकीर गल्लीतून आणलेल्या साध्या लाल इंडिकेटरचा केला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. त्या दिव्याखेरीज शेवटच्या तीन मिनिटांत पडद्यावर दुसरा उजेड नाही.

शूट आणि जुळणी

दोन रात्री पुरतात, तिसरी राखून ठेवा. पहिल्या रात्री फक्त रिकामं जहाज टिपा. ग्लास, दार, पॅसेज, पाटी, भटारखाना, कोणीही नट नाही. त्या शॉट्सना घाई केली तर फिल्म गेली. नट दुसऱ्या रात्री.

जुळणी करताना पहिली प्रत मुकी बघा. आवाज नसताना गोष्ट समजली पाहिजे. मग दुसरी प्रत डोळे मिटून ऐका, तेव्हा जहाज समजलं पाहिजे. रिकाम्या पॅसेजचा शॉट तुम्हाला लांब वाटला तर एकदम कापू नका, दोन दिवसांनी पुन्हा बघा. आमचा सगळ्यात लांब शॉट ४१ सेकंदांचा आहे. त्यात काही होत नाही, फक्त दार सावकाश मिटतं आणि सोळा आकड्यांनी उघडतं. एकदा ते उघडत नाही.

शेवटचं काम मोबाइलचं. बहुतेक लोक तुमची फिल्म फोनवर बघणार, आणि फोनच्या स्पीकरला १२० हर्ट्‌झ जवळपास ऐकूच येत नाही. तुमचा नवव्या मिनिटाचा सूर तिथे कोणापर्यंत पोचणार नाही. म्हणून त्याच सुराचे वरचे पट, २४०, ३६० आणि ४८० हर्ट्‌झ, अगदी हलके मिसळा. खालचा सूर नसला तरी वरच्या पटांवरून कान तो स्वतःच भरून काढतो. मग घरातला पंखा बंद करा, फोन उशीशेजारी ठेवा आणि नऊ मिनिटांपासून पुढे ऐका. फ्रिजची गुणगुण आणि जहाजाची गुणगुण यांत तो कोमल गंधार स्पष्ट लागला की फिल्म पाठवायला तयार आहे.